टाळ्या कशाच्या होत्या

रत्नागिरी
९ जुलै १९८५

गोदे,

आशीर्वाद लिहावेत एवढी काही मी म्हातारी झालेली नाही, तरी मोठी मावसबहीण म्हणून चार घेऊन ठेव. मावशीला आणि काकांना माझा नमस्कार सांग.

नोकरी लागली गो एकदाची. इथल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवते आहे. पुढे प्राथमिक शाळेत मास्तर नि बाई होणारी पोरं-पोरी माझ्यासमोर बसतात. त्यांना इथं छात्राध्यापक म्हणतात. जागा तात्पुरती आहे. आमचे प्राचार्य दळी सर म्हणाले, "काम दाखवा बाई, कायम करू." आईचा दमा पावसात वाढलाय, तेव्हा काम दाखवणं भाग आहे.

तर काम असं. आम्हाला 'अपंग बालकांचे शिक्षण' म्हणून एक धडा शिकवायचा असतो. दोन पानं. पोरं ती घोकतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. उद्या यांच्या वर्गात न ऐकणारं, न दिसणारं एखादं पोर आलं, तर हे त्याला मागच्या बाकावर बसवून मोकळे होतील. म्हणून मी वर्गात एक शोधखेळ घेणार आहे. चिठ्ठ्या लपवायच्या, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा ठावठिकाणा, शेवटी खाऊची पिशवी. पण कुणाचे डोळे बांधायचे, कुणाच्या कानात कापूस घालायचा, कुणाचा उजवा हात पाठीशी बांधायचा. मास्तर पुढं न बघता शिकवत सुटला की काय होतं, ते अंगाला लागलं पाहिजे.

तिसरीत ताप येऊन तुझे कान गेले. त्यानंतर तू त्याच शाळेत, त्याच पोरांत बसलीस आणि बारावीपर्यंत गेलीस. तिथं तुझं कसं चालायचं, हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. सविस्तर लिही. माझा खेळ त्यावर उभा राहील.

तुझी
राहीताई


गुहागर
२१ जुलै १९८५

राहीताई,

नोकरीची बातमी वाचून आयेने देवापुढे साखर ठेवली नि ती मुंग्यांनी नेली. म्हणजे पोचली असं धरायचं.

तू विचारलंस म्हणून सांगते. आमचे मास्तर वाईट नव्हते. फळ्याकडे तोंड करून बोलायचे, एवढंच. मला त्यांची पाठ दिसायची. ओठ वाचायला मी आपली आपणच शिकले, पण पाठ कशी वाचणार? ते वळेपर्यंत वाक्य संपलेलं असायचं. वर्ग हसला की मीही हसायची, जरा उशिरा. तो उशीर पोरांच्या ध्यानात आला. मग ती उगाचच हसायची, मी हसते का ते बघायला. मी पुस्तकं वाचून पास झाले. वर्गात फक्त बसले.

आता तुझा खेळ. रागावू नको, पण कापसाने काही होणार नाही. ज्याच्या कानात कापूस आहे त्याला ठाऊक असतं की तास संपला की तो काढायचा. त्याला मजा येईल. वर म्हणेल, कळलं हो बहिऱ्याचं दुःख. दुःख कळून काय करायचंय? त्यांना काम करायला लाव. एकदा तुझ्या पद्धतीने खेळ होऊ दे. मग त्यांनाच सांग, आता चिठ्ठ्या तुम्ही नव्याने लिहा, अशा की वर्गातलं एकही माणूस मागे राहता नये.

आणि एक कर. सूचना अर्धी-अर्धी कर. अर्धी तोंडाने सांगायची, अर्धी चित्रात, कधी अर्धी हाताला लागेल अशी. कुणालाच एकट्याला पुरी मिळता नये. म्हणजे ऐकणारा माझ्याकडे येईल, कारण चित्र माझ्याजवळ. दया म्हणून नव्हे, त्याचं अडलं म्हणून. माझ्यापाशी कुणाचं काही अडेल अशी वेळ शाळेत कधी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

पालशेतहून एक स्थळ आलंय. बिजवर आहे. आये म्हणते, "तुझ्याशी बोलाय कोण बसतोय, घर सांभाळलंस म्हणजे झाला." बाबा काही म्हणत नाहीत. सुपारी सोलत बसतात.

खेळ कसा झाला ते कळव. खाऊ काय ठेवणार तेही.

गोदा


रत्नागिरी
१४ सप्टेंबर १९८५

गोदे,

खाऊ आंबावडीचा ठेवला होता. आता सगळं सांगते.

पहिल्या फेरीत मी मुद्दाम वाईट बाई झाले. पहिली सूचना फळ्याकडे तोंड करून एकदाच पुटपुटले. दुसरी चिठ्ठी घड्याळाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात. तिसरी कपाटावर. केरू म्हणून एक चिपळूणकडचा दांडगा मुलगा आहे, त्याच्या कानात कापूस आणि वर मफलर. सखू म्हणून एक अबोल मुलगी, तिचे डोळे बांधलेले. बाकीचे धावत सुटले. केरू त्यांच्या मागे नुसता धावत होता, कुठं ते त्याला ठाऊक नव्हतं. पोरं हसत होती, तोही हसत होता. सखू मात्र बाकाला धरून उभी राहिली, हललीच नाही. खाऊ सापडला, वाटून झाला, तरी ती उभीच. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की खेळ संपला. फडकं सोडलं तेव्हा ती रागाने लाल झालेली. म्हणाली, "बाई, मला वाटलं तुम्ही सगळे मला सोडून बाहेर गेलात."

 

मग दुसरी फेरी, तू सांगितलीस तशी. सूचना त्यांनीच लिहिल्या, अर्ध्या-अर्ध्या. एका पिशवीत चिंचोके होते. सखूने ते हाताने चाचपून ओळखले, केरूजवळ चित्र होतं, तिसऱ्याने ऐकलेला शब्द सांगितला. तिघं एकमेकांना धरून मणीपाटीच्या पेटीपाशी पोचली. केरूशी बोलताना सगळे त्याच्या समोर येऊन बोलत होते. कुणी शिकवलं नाही, आपोआप. आता धडा तयार करायला सांगितला की पोरं विचारतात, "बाई, हे सगळ्यांपर्यंत पोचेल का?"

दळी सर खिडकीतून बघत होते. नंतर बोलावून म्हणाले, "हे वरच्या साहेबांना दाखवलं पाहिजे." माझी कायम होण्याची आशा वाढली. हे सगळं तुझं आहे, मी विसरणार नाही.

राहीताई


गुहागर
५ ऑक्टोबर १९८५

राहीताई,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आये विचारायला लागली, लग्नाचं काही आहे का.

सखूला सांग, तिला राग आला ते बरं झालं. रडू आलं असतं तर उपयोग नव्हता.

आता जे लिहिते ते तुझ्यापुरतं ठेव. मला बाई व्हायचंय. हे आजचं नाही, पण आजवर बोलायची हिंमत नव्हती. माझ्यासारखी पोरं गावागावात असतात, घरात झाकून ठेवलेली. त्यांना शिकवायला जी बाई लागते ती मीच आहे. ऐकणाऱ्या पोरांनाही शिकवीन, का नाही? त्यांना फक्त माझ्याकडे तोंड करून बोलावं लागेल. वाईट सवय आहे का ती?

तुमच्या विद्यालयात मला घेतील का? मार्क पुरेसे आहेत. नियम काय आहे तो मला ठाऊक नाही, तुला असेल. गोड बोलू नको. नाही तर नाही म्हण, मी पालशेतला जाईन नि भाकऱ्या भाजीन. पण खरं काय ते लिही.

गोदा


रत्नागिरी
१८ नोव्हेंबर १९८५

गोदे,

उत्तराला उशीर झाला. सहामाही परीक्षा होती, आणि आईला चार दिवस सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बरी आहे.

तू विचारलेलं खूप मनात घोळवलं. नियमात डॉक्टरचा दाखला लागतो, शरीराने शिकवण्यास योग्य असल्याचा. पण नियम लावणारी माणसंच असतात. आणि एक संधी चालून आली आहे. जानेवारीत शिक्षणखात्याचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर सभागृहात आपला शोधखेळ करून दाखवायचा आहे. मी दळी सरांना तुझ्याविषयी सांगितलं. ते एकदम म्हणाले, "अहो, मग त्यांनाच बोलवा की! खऱ्या बहिऱ्या व्यक्तीने भाग घेतला तर प्रात्यक्षिकाला वजन येईल."

बघ तू. सगळ्यांदेखत तू आमच्या मुलांबरोबर खेळलीस, ओठ वाचलेस, चिठ्ठ्या सोडवल्यास, की जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी कोण नाही म्हणेल? सरांच्या डोळ्यांसमोर असशील तू. ये. काकांना घेऊन ये. ती मोरपंखी साडी नेस.

राहीताई


गुहागर
२ डिसेंबर १९८५

राहीताई,

येते. बाबा सोबत येतील. ते पहिल्यांदा नको म्हणाले, मग का कोण जाणे, हो म्हणाले.

पालशेतकरांना आयेकरवी कळवलं की एवढ्यात नको. आये माझ्याशी बोलत नाही, म्हणजे तोंड वळवून बोलते, म्हणजे मला समजू नये म्हणून. समजलं तेवढं पुरे आहे.

एकच सांगून ठेव तिथं. माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघा, आणि तोंडापुढे माईक धरू नका. बाकी काही नको.

गोदा


गुहागर
२७ जानेवारी १९८६

राहीताई,

घरी आल्यापासून पाय जमिनीला लागत नाहीत. एस.टी.त उलटी झाली, तरीही.

काय दिवस होता गो! सखू मला फाटकापाशीच भेटली आणि सरळ समोर उभी राहून, सावकाश बोलली. किती सुंदर ओठ आहेत तिचे, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. खेळात माझ्याजवळ चित्र होतं, केरू सारखा माझ्याकडे धावत यायचा, "ताई, तुमच्यात काय आहे, तुमच्यात काय आहे!" शेवटची चिठ्ठी पेटीच्या बुडाला चिकटवलेली, ती मी काढली. एवढी माणसं माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, मी कुठल्या तरी पंगतीत पानावर बसले आहे आणि वाढप्याने मला ओलांडलेलं नाही.

मग दळी सर बोलायला उभे राहिले. माईक नेमका तोंडापुढे. तू त्यांना सांगितलं असशील, ते विसरले असतील. मला एक शब्द दिसला नाही. पण ते माझ्याकडे हात करून बोलत होते, खूप वेळ. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग सगळे टाळ्या वाजवायला लागले. तूही वाजवत होतीस. मी हात जोडले. साहेबांनी नारळ आणि शाल दिली.

काय बोलले गो सर? मी तुला खुणेने विचारलं तर तू म्हणालीस, "नंतर सांगते," आणि मग बाबांनी घाई केली, चिपळूणची गाडी सुटत होती. बाबांना विचारलं तर म्हणतात, "चांगला बोलले. तू झोप जरा." घरी येऊन परत विचारलं. "चांगला बोलले. तू जेव."

मला वाटतं, मला ठाऊक आहे. टाळ्या प्रवेशाच्याच असणार. एवढ्या टाळ्या आणखी कशाला वाजवतील? मी आयेला सांगितलं. शेजारच्या सावित्रीकाकूला सांगितलं. सगळ्या वाडीला ठाऊक झालंय आता. तू फक्त सरांचे शब्द लिहून पाठव, जसेच्या तसे.

तुझीच
गोदा


रत्नागिरी
२० फेब्रुवारी १९८६

गोदे,

सरांनी तुझं खूप कौतुक केलं. तुझी जिद्द, तुझी हुशारी, यावर बोलले. शब्द काही सगळे आठवत नाहीत, गडबड होती. प्रवेशाचं तिथं उघड काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात तू भरली आहेस हे नक्की. अर्ज कर. मी इथं आहेच.

आई ठीक. कामाचा ढीग आहे. खेळाची पुस्तिका काढायचं ठरतंय.

राहीताई


गुहागर
१९ जुलै १९८६

राहीताई,

मुलाखत झाली. तू त्या दिवशी कोल्हापूरला खेळ दाखवायला गेली होतीस. मला वाटलं होतं तू फाटकापाशी उभी असशील.

खोलीत तिघं होते. दळी सर मधे. त्यांनी कागदावर डोकं खाली घालून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "सर, वर बघून बोलाल का?" बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी वर बघितलं नाही. कागद पुढे ओढून त्यावर लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला. 'वर्गात एवढी मुले एकदम बोलतील. तुम्हाला कसे कळणार?' मी सांगितलं. मुलांना गोल बसवीन, ज्याला बोलायचंय तो हात वर करील, मी त्याच्याजवळ जाईन. म्हटलं, तुमच्याच विद्यालयात हे शिकवतात, जानेवारीत तुम्ही बघितलंत. त्यांनी लिहिलं, 'ते प्रात्यक्षिक होते.' मी म्हटलं, "मला एक पाठ घेऊ द्या, आत्ता, इथंच." त्यांनी लिहिलं, 'तुमच्या जिद्दीचे कौतुक आहे.' आणि पेन मिटलं. डॉक्टरचा दाखला मी पुढे केला होता. तो त्यांनी उघडलाच नाही.

बाहेर व्हरांड्यात सखू होती. पास झाली ती, प्रमाणपत्र न्यायला आली होती. मी तिला विचारलं, जानेवारीत सर काय बोलले होते? ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" मी म्हटलं, नाही.  मग ती माझ्यासमोर बसली आणि तिने सांगितलं. एकेक शब्द दिसला मला.

"ही मुलगी स्वतः शिक्षिका होऊ शकणार नाही, हे तिचं दुर्दैव. पण हिच्याकडे बघून आपले शिक्षक घडतील, हे तिचं भाग्य."

त्यावर टाळ्या होत्या.

तू वाजवल्यास त्या मी बघितल्या होत्या. बाबांनी नाही वाजवल्या. ते प्रवासाची पिशवी धरून उभे होते, हेही मला आठवतंय. त्यांनी मला इतके महिने सांगितलं नाही, ते मी समजू शकते. त्यांच्याकडे शब्द नाहीत. ते सुपारी सोलतात. पण तू? मी अक्षरशः हात जोडून विचारलं होतं, जसेच्या तसे शब्द पाठव. तुला शब्द आठवत नव्हते? मी अर्ज केला, वाडीत सांगितलं, पालशेतकरांना थांबवून ठेवलं, ते सगळं तू बघत राहिलीस. एका कार्डाचं काम होतं.

तुझ्या त्या पोरांना तू शिकवलंस ना, की हे सगळ्यांपर्यंत पोचेल का, असं विचारायचं? केरूला शिकवलंस, सखूला शिकवलंस. सखू शिकली.

गोदा


रत्नागिरी
११ ऑगस्ट १९८६

गोदे,

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर हिंडले. कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

मी काय करायला हवं होतं त्या सभेत? सरांच्या हातातला माईक ओढायला हवा होता? साहेब बसलेले, सगळे टाळ्या वाजवतायत, मी एकटीने हात खाली ठेवून उभं राहायला हवं होतं? कदाचित हो. मला ते तेव्हा सुचलं नाही. तू एवढ्या आनंदाने बघत होतीस की मला वाटलं, आज नको. मग तुझं ते पत्र आलं, टाळ्या प्रवेशाच्या, आणि लिहायचं कसं तेच समजेना. म्हटलं, जूनपर्यंत सरांचं मन वळवीन. खरंच म्हटलं होतं गो.

कोल्हापूरहून आल्यावर मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "सर, ज्या खेळाचं आपण एवढं नाव करतोय तो गोदाने सुचवलाय. तिलाच आपण बाहेर ठेवलं तर खेळाला अर्थ काय राहिला?"

ते शांतपणे म्हणाले, "राहीबाई, खेळ उत्तम आहे. पण तो मुलांसाठी आहे. शिक्षक कसा असावा, तो प्रश्न वेगळा. उद्या तिच्या वर्गात काही घडलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही." मग म्हणाले, "तुमची कायम होण्याची फाईल वर गेली आहे. शिफारस मी केली आहे." एवढंच. धमकी नव्हती. आवाजही चढला नव्हता. मी नमस्कार करून बाहेर आले. हो, आले मी बाहेर. आईचं औषध महिन्याला किती लागतं ते तुला ठाऊक आहे.

सर वाईट नाहीत. त्यांनीच सुचवलंय की दरवर्षी प्रात्यक्षिकासाठी तुला बोलवावं, जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन देऊन. तुझी इच्छा असेल तर वसतिगृहात मदतनीसाची जागाही होते आहे. तू इथं आलीस तर माझ्याजवळ राहशील. पुढे काही मार्ग निघेल. रागाच्या भरात नाही म्हणू नको.

राहीताई


रत्नागिरी
४ नोव्हेंबर १९८६

गोदे,

दिवाळीला तुझं कार्ड आलं नाही. मावशीचं आलं, त्यात तुझं नाव नव्हतं.

मला कायम केलं. आईने पेढे वाटले. मला वाटलं होतं बरं वाटेल.

खेळाची पुस्तिका छापून आली. जिल्ह्यातल्या शाळांना जाणार आहे. एक प्रत सोबत पाठवते. ऋणनिर्देशात मी तुझं पूर्ण नाव लिहून दिलं होतं. छापताना 'एका कर्णबधिर भगिनीच्या सहकार्याने' असं झालं. मी विचारलं, तर सर म्हणाले की नावाने कुणाला काय कळणार, हे जास्त भिडतं.

पालशेतकरांचं दुसरीकडे जमलं, हे मावशीने लिहिलंय. तू कशी आहेस? दोन ओळी तरी लिही. शिव्या लिही.

राहीताई


गुहागर
२२ फेब्रुवारी १९८७

राहीताई,

पत्र लिहिणार नव्हते. शिव्या देण्याएवढीही उमेद नव्हती. पण मागच्या आठवड्यात जे झालं ते तुला कळलं पाहिजे असं वाटतं. तुझी पुस्तिका त्यात आहे म्हणून.

सखूला नोकरी लागली. आमच्या पुढच्या वाडीतल्या शाळेत. हे तिने मागून घेतलं की योगायोग, तिने सांगितलं नाही. तिच्या पहिलीच्या वर्गात चिमा म्हणून एक पोर आहे, जन्मापासून ऐकू न येणारी. सखू घरी आली आणि आयेसमोर मला म्हणाली, "मला एकटीला जमणार नाही. तुम्ही याल का?" आये म्हणाली, "पगार काय?" सखू म्हणाली, "नाही." आयेने कपाळाला हात लावला. मी दुसऱ्या दिवशी गेले.

दसऱ्यानंतर रोज जात होते. मोठे गुरुजी चांगले आहेत. म्हणाले, कागदावर तुमचं नाव नाही, पण दारावर कुणी पाटी लावलेली नाही, या. चिमा आता तिचं नाव लिहिते. आंब्याचं पान आणि फणसाचं पान दाखवलं की त्यांचे शब्द लिहिते. इतर पोरं तिच्यासमोर येऊन बोलतात आणि माझ्याही. एवढे महिने मी बाई होते गो. पोरं मला बाई म्हणायची, मला दिसायचं.

शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते. आदल्या दिवशी गुरुजी गडबडले. बाहेरचं माणूस वर्गात कसं, असं साहेबांनी विचारलं तर? सखू खाली मान घालून म्हणाली, "ताई, तेवढा वेळ मागच्या खोलीत बसाल?" मी म्हटलं, खाली बघून बोललीस तर मला कळत नाही. तिने वर बघितलं आणि परत म्हटलं. डोळ्यांत पाणी होतं. मी बसते म्हटलं.

मागच्या खोलीत मोडकी बाकं असतात. दाराला आतून कडी नाही, वाऱ्याने उघडतं, म्हणून तिने बाहेरून कडी घातली. मधल्या भिंतीच्या फळीत फट आहे. त्यातून मी बघितलं. साहेबांच्या हातात तुझी पुस्तिका होती. त्यांनी शोधखेळ घ्यायला लावला. पोरांनी छान केला, चिमानेही. साहेब खूश झाले. पुस्तिकेतून मोठ्याने काहीतरी वाचून दाखवलं, ओठांवरून मला 'सर्वांना सामावून' एवढं कळलं. चिमाला लिमलेटची गोळी दिली. मग सगळे उठले, वर्ग रिकामा झाला.

मी वाट बघत बसले. कुणी आलं नाही. मला वाटलं साहेब अजून अंगणात असतील, चहा चालला असेल. दार वाजवावं तर आवाज जायचा, तपासणीत घोटाळा व्हायचा. मग फटीतलं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. तेव्हा मला कळलं की शाळा सुटली. घंटा झाली असणार. साहेबांनी गुरुजींना आणि सखूला शेजारच्या शाळेवर सोबत नेलं होतं, तिला वळून यायलाही सवड दिली नाही, हे नंतर कळलं. ती बिचारी वाटेत तळमळत होती म्हणे. शिपायाने वर्गाला कुलूप लावलं. त्याला मी आत आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी दार ढकललं. बाकाच्या पायाने ठोकलं. मग खिडकीचे गज धरले. बाहेर गवत कापणारी एक बाई पाठमोरी दिसत होती, लांब, उताराला.

तुला ठाऊक आहे, मी घराबाहेर मोठ्याने बोलत नाही. माझा आवाज कसा येतो ते मला कळत नाही, लोकांच्या तोंडावरून कळतं, म्हणून मी तो जपून वापरते. त्या दिवशी मी ओरडले. काय शब्द होते ते आठवत नाहीत, शब्द होते की नाही तेही नाही. घसा फाटेपर्यंत ओरडले. ती बाई वळली नाही. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. मग तिने विळा खाली टाकला आणि घाबरून इकडे-तिकडे बघायला लागली, कुठलं जनावर आहे ते शोधत.

शेवटी तिनेच शिपायाला बोलावून आणलं. सोमवारपासून मी शाळेत गेले नाही. सखू दोनदा दारात येऊन बसून गेली. चिमा काल तिच्यासोबत होती. मी अजून दार उघडलेलं नाही. उद्या उघडीन की नाही, ते ठरवायचं आहे. ते मी ठरवीन.

तू येऊ नको.

गोदा